भय आणि हास्य : राक्षसपटांतील दोन विरोधी रसांचे सहअस्तित्व

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• हास्य व भयानक या रसांना शास्त्रकारांनी परस्परविरोधी का मानले, हे सांगता येईल.
• आश्रय, आलंबन व अनुभाव या संज्ञांच्या आधारे भयविनोदी चित्रपटातील एखाद्या प्रसंगाचे विश्लेषण करता येईल.
• भय व हास्य यांचे शेजार, आभास आणि मिश्रण यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• अशा चित्रपटातील हसू कोणावर रोखलेले आहे, याचा चिकित्सकपणे विचार करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, रस, स्थायी भाव, विभाव आणि अनुभाव या संज्ञा आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्या केवळ संस्कृत नाटकांसाठी आहेत, आजच्या करमणुकीशी त्यांचा संबंध नाही, असा समज पुष्कळदा आढळतो. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी या घटकात आपण एक लोकप्रिय चित्रप्रकार निवडला आहे. भूत, राक्षस किंवा अक्राळविक्राळ प्राणी हा ज्याचा केंद्रबिंदू असतो आणि तरीही प्रेक्षक ज्याला पोट धरून हसतात, असा हा प्रकार आहे.

आपणांपैकी कित्येक जण बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. रात्रपाळीच्या चहाच्या वेळी सांगितली जाणारी भुताची गोष्ट आपण ऐकली असेल. अशा गोष्टीच्या बैठकीत साधारणपणे तीन प्रकारची माणसे असतात. एक जण गोष्ट सांगतो. तो अत्यंत गंभीर असतो. एक जण खरोखर घाबरतो. उरलेले सगळे त्या घाबरलेल्याकडे पाहून हसतात. मात्र थोड्या वेळाने अंधाऱ्या वाटेने एकट्याने जाण्याची वेळ आली, की त्यांचीही पावले अडखळतात. भय आणि हास्य यांच्या एकत्र येण्याचे सगळे शास्त्र या छोट्या बैठकीत सामावलेले आहे. तेच आता क्रमाने पाहू.

१. शास्त्रातील विरोध आणि त्याचा परिहार

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. हास्याचा स्थायी भाव हास, तर भयानकाचा स्थायी भाव भय. पुढील काळात रसांच्या परस्परसंबंधांचा विचार झाला, तेव्हा काही रस एकमेकांना पोषक आणि काही मारक ठरवण्यात आले. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने हास्याचे दोन विरोधी रस सांगितले आहेत : भयानक आणि करुण. याचे कारण सहज ध्यानात येते. भयाने मन आकुंचन पावते, तर हास्याने ते मोकळे होते. एकाच क्षणी मन आकसलेलेही असावे आणि खुललेलेही असावे, हे अवघड आहे.

असे असताना दोन विरोधी रस एकाच कृतीत कसे येऊ शकतात? या प्रश्नाचा विचार आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतात केला आहे. त्याने सुचवलेल्या उपायांपैकी दोन आपल्या उपयोगाचे आहेत. पहिला उपाय असा, की दोन विरोधी भावांचे आश्रय वेगळे ठेवावेत. नायकाच्या ठायी वीर असावा आणि त्याच्या शत्रूच्या ठायी भय असावे. म्हणजे विरोध तर राहत नाहीच, उलट नायकाचे शौर्य अधिक उठून दिसते. दुसरा उपाय असा, की दोन विरोधी रसांच्या मध्ये दोघांनाही चालणारा तिसरा रस घालावा.

येथे दोन संज्ञांची उजळणी करू. ज्याच्या मनात भाव उत्पन्न होतो तो ‘आश्रय’. ज्याच्यामुळे उत्पन्न होतो ते ‘आलंबन’. वाघाला पाहून गुराखी घाबरला, तर गुराखी हा भयाचा आश्रय आणि वाघ हे आलंबन.

२. विकृती : दोन्ही रसांचे समान मूळ

विरोध असला, तरी या दोन रसांचे उगमस्थान फार जवळचे आहे. भरताने हास्याचे विभाव सांगताना विकृत वेश, विकृत अलंकार यांचा उल्लेख केला. भयानकाचे विभाव सांगताना विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, ओसाड घर आणि अरण्य यांचा. ‘विकृत’ हा शब्द दोन्हीकडे आहे. नेहमीच्या प्रमाणाबाहेर गेलेले, असायला नको तेथे असलेले असे काही समोर आले, की माणूस एक तर हसतो किंवा दचकतो. मोठे नाक विदूषकाला शोभते आणि राक्षसालाही. समोरची विकृती आपल्याला इजा करू शकते की नाही, यावर पुढचे अवलंबून असते. इजेची शक्यता नसेल तर हसू येते. असेल तर भीती वाटते. राक्षसपटाचा दिग्दर्शक या सीमारेषेवरच उभा असतो.

३. एकत्र येण्याच्या तीन तऱ्हा

भय आणि हास्य एका चित्रपटात असले, म्हणजे त्यांचे मिश्रण झाले असे नव्हे. पुढील तीन तऱ्हा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

(अ) शेजार : येथे भीतीचे प्रसंग आणि विनोदाचे प्रसंग आलटून-पालटून येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) हा हिंदी चित्रपट याचे ठळक उदाहरण आहे. त्यात सामरी नावाच्या सैतानाची कथा आहे आणि तिच्या जोडीला जगदीप यांचे, ‘शोले’चे विडंबन करणारे स्वतंत्र विनोदी उपकथानक आहे. ते उपकथानक काढून टाकले, तरी सामरीच्या कथेला धक्का पोहोचत नाही.

(आ) आभास : येथे दिग्दर्शकाला भीती निर्माण करायची असते, पण मुखवटा नकली वाटतो, अभिनय अतिरंजित होतो आणि प्रेक्षक हसू लागतात. अनौचित्य हे हास्याचे कारण ठरते, असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे. फसलेले भयानक हास्यात जाऊन पडते, ते याच नियमाने.

(इ) मिश्रण : येथे एकाच प्रसंगात, एकाच कृतीतून भय आणि हास्य दोन्ही निर्माण होतात. दोहोंतील एक काढून घेतले, तर दुसरेही कोसळते. आपल्या अभ्यासाचा मुख्य विषय हाच आहे.

४. ‘झपाटलेला’ : एकाचा अनुभाव, दुसऱ्याचा विभाव

महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (१९९३) हा मराठीतील मिश्रणाचा सर्वपरिचित नमुना आहे. त्याच्या कथाकल्पनेचे मूळ ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी भयपटात आहे. तात्या विंचू हा गुन्हेगार मरणसमयी मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला लक्ष्याच्या घरी येतो. पुन्हा माणूस व्हायचे, तर ज्याच्यापुढे आपण प्रथम खरे रूप प्रकट केले त्याच्याच देहात शिरले पाहिजे, असा नियम असल्याने बाहुला लक्ष्याच्या मागे लागतो. लक्ष्याची भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांनी आणि तात्या विंचूची दिलीप प्रभावळकर यांनी केली. बाहुला रामदास पाध्ये यांचा.

आता आपल्या संज्ञा लावून पाहा. भयाचा आश्रय लक्ष्या आहे. आलंबन बाहुला आहे. भय वाटू लागताच लक्ष्याचे हातपाय कापतात, शब्द तोंडातच अडकतात, डोळे विस्फारतात. हे सगळे भयाचे अनुभाव आहेत. भरताने भयानकाच्या वर्णनात कंप आणि स्वरभेद सांगितलेच आहेत. मात्र बेर्डे यांच्या शरीरावर हे अनुभाव इतक्या वाढीव प्रमाणात उमटतात, की प्रेक्षकाच्या दृष्टीने तीच एक ‘विकृती’ होते आणि त्याला हसू येते. म्हणजे पडद्यावरच्या माणसाच्या भयाचा जो अनुभाव, तोच पडद्यासमोर बसलेल्याच्या हास्याचा विभाव ठरतो. हे सूत्र लक्षात ठेवा. या घटकाचा गाभा तोच आहे. भयाचा आश्रय पडद्यावर आणि हास्याचा आश्रय खुर्चीत, अशी विभागणी झाल्याने आनंदवर्धनाची अट पाळली जाते आणि विरोध मिटतो.

परंतु याला एक अट आहे. आलंबन भयंकरच राहिले पाहिजे. तात्या विंचू विनोद करण्यासाठी बाहुला झालेला नाही. त्याला खरोखर जीव घ्यायचा आहे, देह हवा आहे. तो आपले काम गंभीरपणे करतो. तो गमतीदार झाला असता, तर लक्ष्याच्या घाबरण्याला आधारच उरला नसता आणि त्याचे कापणे खोटे वाटले असते. येथे बाहुल्याची निवडही महत्त्वाची आहे. शब्दभ्रमकाराचा बोलका बाहुला ही महाराष्ट्रातील प्रेक्षकांच्या ओळखीची गोष्ट. तो धन्याची टर उडवतो, उद्धट बोलतो आणि लोक हसतात, कारण त्याचा आवाज माणसाचाच आहे हे त्यांना ठाऊक असते. ‘झपाटलेला’मध्ये हा आवाज धन्यापासून सुटून स्वतंत्र होतो. हसण्याची सवय लागलेली वस्तूच इजा करू लागते, म्हणून भीती अधिक बोचते.

याच्या उलट उदाहरण म्हणून ‘एक डाव भुताचा’ (१९८२) पाहावा. त्यात अशोक सराफ यांनी रंगवलेले भूत दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेल्या मास्तरांचा मित्र होते. चित्रपट अतिशय रंजक आहे. मात्र भूत मदतनीस झाल्यावर भयाचे आलंबन उरत नाही. तेथे हास्य आणि अद्भुत यांचा मेळ आहे, भयानकाचा नव्हे.

५. हॉलिवूडमधील जुना दाखला

हेच तत्त्व पंचेचाळीस वर्षे आधी अमेरिकेत वापरले गेले होते. युनिव्हर्सल या चित्रसंस्थेने १९३१ साली ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे भयपट काढले आणि राक्षसांची एक परंपराच उभी केली. १९४८ साली त्याच संस्थेने बड अॅबट आणि लू कॉस्टेलो या विनोदी जोडीला त्या राक्षसांसमोर उभे केले. ‘अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ या चित्रपटात बेला लुगोसी यांनी ड्रॅक्युला आणि लॉन चेनी धाकटे यांनी लांडगा-माणूस रंगवला. दोघांनीही आपल्या भूमिका पूर्वीइतक्याच गंभीरपणे केल्या. चेनी यांचा लांडगा-माणूस तर आपल्या शापाने व्याकूळ झालेला आहे. सगळा विनोद जिवंत राक्षस पाहणारा कॉस्टेलो आणि त्याच्यावर विश्वास न ठेवणारा अॅबट यांच्यात घडतो.

एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसते त्याचे कोणी ऐकत नाही : ही रचना ‘झपाटलेला’तही आहे. तिच्यातून हसू येते. पण त्या हसण्यात आपुलकी असते, कारण घाबरलेला माणूसच खरे बोलत आहे, हे प्रेक्षकाला माहीत असते. आपण लक्ष्याला हसतो, तरी त्याच्या बाजूने असतो.

६. मुखवट्यांची परंपरा : संकासुर आणि बोहाडा

चित्रपटापूर्वीही मराठी मुलखात भय आणि हसू एकत्र नांदत होते. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात येणारा संकासुर हा वेद चोरणारा दैत्य. काळा वेश आणि लोंबती लाल जीभ अशा रूपात तो अवतरतो आणि मालवणी बोलीत भटाशी हुज्जत घालून प्रेक्षकांना खदखदून हसवतो. रूप भयाचे आणि वाणी हास्याची, अशी ही एकाच पात्रातील विभागणी आहे. शेवटी विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. म्हणजे हसवले, तरी त्याचे दैत्यपण पुसले जात नाही.

आपल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. गणपती-सरस्वतीपासून रावण, नरसिंह, महिषासुर यांच्यापर्यंत अनेक सोंगे संबळाच्या तालावर रात्रभर नाचत येतात. बोहाडा हा करमणुकीचा खेळ नसून देवीचा उत्सव आहे. त्यामुळे त्याला ‘भयविनोद’ म्हणणे योग्य होणार नाही. तथापि एक गोष्ट अभ्यासकाने टिपण्यासारखी आहे. मुखवट्याआडचा माणूस गावातलाच, ओळखीचा असतो. पाहणाऱ्याला एकाच वेळी दैत्यही दिसतो आणि शेजारीही. हे दुहेरी भान असल्यामुळेच पाहणारे दचकूनही पळत नाहीत, तेथेच थांबतात. चित्रपट पाहताना प्रेक्षकाच्या ठायी हेच दुहेरी भान असते.

७. भीतीचा विषय आणि काळ

राक्षस कशाचा करायचा, हे समाज ठरवतो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिच्या किरणोत्सारी राखेचा वर्षाव एका जपानी मासेमारी नौकेवर झाला. त्याच वर्षी इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ म्हणजे ‘गॉडझिला’ प्रदर्शित झाला. त्यात हास्याला जवळपास जागा नव्हती. जखम ताजी होती. पुढे १९६२ साली होंडा यांनीच ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ हा उपहासाचा रंग असलेला चित्रपट केला, आणि त्यानंतरच्या काळात गॉडझिला मुलांचा लाडका झाला. भीती जुनी झाली, की तिच्यात हसू शिरते.

आपल्या किनाऱ्यावर तारापूरला देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. शेजारी कोळीवाडे आहेत, मागे कारखाने आहेत. तरीही मराठी चित्रपटाने आपले राक्षस यंत्रातून वा अणूतून फारसे काढले नाहीत. त्याची भुते घरातली, नात्यातली, अपुऱ्या इच्छेची आहेत : मुंजा, समंध, हडळ, वाड्यातला पूर्वज. महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’ (२००४) या चित्रपटातही वाडाच आहे. बदल दिसतो तो आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’त (२०२२). डोंबिवलीतील टोलेजंग इमारत आणि शेजारची वस्ती यांच्यातील दरी, पाण्याचा प्रश्न आणि त्यातून पसरणारा झोंबींचा उपद्रव असा त्याचा विषय आहे. विनोदी अंगाने असला, तरी त्यातील भय आजच्या उपनगरातले आहे.

८. हसू कोणावर?

आता या घटकातील सर्वांत गंभीर प्रश्नाकडे येऊ. नाट्यशास्त्राने भय आणि हास्य हे दोन्ही प्रामुख्याने स्त्रिया व ‘नीच’ प्रकृतीची पात्रे यांच्याकडे सोपवले आहेत. राजाने घाबरू नये आणि खदखदून हसूही नये, अशी ती व्यवस्था. घाबरणारा आणि हसण्याजोगा ठरणारा माणूस बहुधा दुबळाच असावा, ही खोड चित्रपटानेही उचलली. ‘किंग काँग’ (१९३३) मध्ये बेटावरील रहिवाशांचे नृत्य आणि वेश भयाचे साधन म्हणून वापरले आहेत. ज्यांच्या घरी बोहाड्याचा मुखवटा पूजला जातो, अशा वाचकांनी हा प्रसंग पाहावा आणि स्वतःला विचारावे : येथे विकृती कोणाची दाखवली जात आहे?

चित्रपट आणि वास्तव यांत आणखी एक तफावत आहे. ‘झपाटलेला’च्या जगात भूत खरे असते; म्हणून विश्वास न ठेवणारे चुकतात. चित्रपटगृहाबाहेर परिस्थिती उलटी असते. आदिवासी पाड्यांपासून शहरांपर्यंत आजही आजारपण किंवा मृत्यू यांचे खापर एखाद्या बाईवर फोडून तिला ‘भुताळी’ ठरवले जाते. तेथे बाहुला नसतो, मंत्र नसतो. गावाची भीती असते आणि तिचे आलंबन म्हणून निवडलेली, बहुतेकदा एकटी पडलेली स्त्री असते. या व अशा प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

मग भुताच्या चित्रपटाला हसावे की नाही? अवश्य हसावे. मात्र हसू दोन प्रकारचे असते. घाबरलेल्या माणसात स्वतःला पाहून येणारे हसू भीतीची पकड सैल करते. लक्ष्याच्या थरथरीत आपण आपलीच अंधारातली थरथर ओळखतो. याउलट, ज्याच्यावर आधीच भीतीचा शिक्का मारलेला आहे त्याला हसणारे हसू तो शिक्का अधिक गडद करते. पहिल्या प्रकारात हास्याचे आलंबन आपण स्वतः असतो, दुसऱ्या प्रकारात दुबळा असतो. हा भेद ज्याला ओळखता आला, त्याला रसविचार परीक्षेपलीकडेही उपयोगी पडेल.

सारांश

हास्य आणि भयानक हे शास्त्रानुसार विरोधी रस असले, तरी दोघांचेही मूळ विकृतीत आहे. त्यांचे आश्रय वेगळे ठेवले, तर ते एकाच प्रसंगात नांदू शकतात : पात्र घाबरते, प्रेक्षक हसतो. पात्राच्या भयाचे अनुभाव प्रेक्षकाच्या हास्याचे विभाव बनतात. यासाठी राक्षस गंभीर आणि भयंकर राहणे आवश्यक असते. ‘झपाटलेला’ आणि १९४८ चा अॅबट-कॉस्टेलो यांचा चित्रपट ही त्याची उदाहरणे होत. भीतीचे विषय काळानुसार बदलतात. हास्याचे आलंबन कोण, या प्रश्नाने अशा चित्रपटाचे नैतिक मूल्यमापन करता येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. आश्रय व आलंबन या संज्ञा स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘पुराना मंदिर’ आणि ‘झपाटलेला’ यांत भय व हास्य यांचा संबंध कसा वेगळा आहे?
३. ‘एक डाव भुताचा’ या चित्रपटात भयानक रस का टिकत नाही, हे सकारण लिहा.
४. ‘फसलेले भयानक हास्यात जाऊन पडते’ या विधानाचे विवेचन करा.

उपक्रम

आपल्या कामाच्या ठिकाणी, पाड्यावर किंवा कोळीवाड्यात सांगितली जाणारी एक भुताची गोष्ट ऐकून, सांगणाऱ्याच्याच बोलीत लिहून काढा. सांगणारा कोठे गंभीर झाला, ऐकणारे कोठे घाबरले आणि कोठे हसले, याची नोंद समासात करा. त्या हसण्याचे आलंबन कोण होते, यावर सुमारे २०० शब्दांचे टिपण लिहा आणि ते आपल्या अभ्यासकेंद्रातील संमंत्रण सत्रात वाचून दाखवा.